तुझं नाव बसत होतं

माय, परवा नांदेडच्या एका कॉलेजात माझ्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. एका पोरीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्हाला गाणं सुचतं कुठून?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "लोकांतून." पोरगी लई आगाऊ, खाली बसेना. म्हणाली, "लोक म्हणजे कोण?" उभा जन्म शाळेत पोरांना गप्प केलेली बाई मी, त्या दिवशी घाईघाईनं पुढचं गाणं सुरू केलं. घरी आल्यापासून डोक्यात तूच आहेस.

बहात्तरचा दुष्काळ आहे. लोह्याकडच्या रस्त्यावर तू खडी फोडतेस, मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसलेय. उन्हं चढली, बाया दमल्या की तू गाणं काढतेस. 'दगडाच्या पोटात पाणी हाय म्हणं बाई', एवढं म्हणून गप्प बसतेस. मग साऱ्याजणी हातोड्याच्या ठोक्यावर 'माझ्या हातोड्याला अजून गावलं न्हाई' म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. त्या ओळी तुला कुणी शिकवल्या नव्हत्या. तुझ्या तुलाच सुचलेल्या होत्या.

आठवीत असताना मी पहिलं गाणं लिहिलं. तेजोमय काय, क्षितिज काय, सगळं पुस्तकातलं. तू भाकरी थापता थापता ऐकलंस. "लई भारी हाय," म्हणालीस, "पर ह्यात बायांनी कुठं म्हणायचं? समदं तूच बोलून राहिलीस." मी रुसून जेवले नाही. तूही समजूत काढली नाहीस, ताट झाकून ठेवलंस आणि कामाला गेलीस. आज कागद पुढं घेतला की आधी ते आठवतं. ऐकणारणीला दम कुठं घेऊ द्यायचा, तिच्या तोंडी कोणती ओळ द्यायची, हे ठरल्याशिवाय मी पुढं लिहीत नाही. माझी सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती तुझी आहे.

मग लातूर जिल्हा झाला. त्यानंतरच्या पहिल्या चौदा एप्रिलला जयंतीसाठी तिथल्या वस्तीनं मला गायला बोलावलं. तुझ्या दोन ओळींवर मी पाच कडवी रचली होती. आपल्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, तसं मी माझं घातलं. बायांनी दुसरी ओळ अशी उचलली की माझा आवाज मलाच ऐकू येईना. तू पुढंच बसली होतीस, सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होतीस. माझं नाव आलं तेव्हासुद्धा.

परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत, सहज विचारावं तसं विचारलंस, "माझं नाव बसत न्हवतं का गं त्यात?"

मी म्हणाले, "चालीत बसत नाही, माय."

"हाव का? असू दे मग. तुला कळतंय त्यातलं." तू माझ्या गुडघ्यावर थोपटलंस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, आणि जाईपर्यंत ते गाणं माझ्या नावानंच म्हणत राहिलीस.

तू असतीस तर हे पत्र लिहिलंच नसतं. तुला वाचता येत नव्हतं, तू मलाच वाचायला बसवलं असतंस, आणि माझ्या तोंडून ते निघालं नसतं. आता लिहिलंय, ते माझ्याच कपाटात राहील.

तुझं नाव तीन अक्षरांचं, माझंही तीनच. चालीत बसत होतं, माय. आधी तेच लिहिलं होतं. लातूरला जायच्या आदल्या दिवशी मी ते खोडलं.