मैथिलीचं पोट

९ जानेवारी १९९८
मैथिलीचं पोट नगाऱ्यासारखं टणक. तीन दिवस शी नाही, आज हिरवी उलटी. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी पोरीची प्रतिकारशक्ती आधीच संपलेली. महाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला. "आतडं अडकल्यासारखं दिसतंय. पण हिचं पोट इथे उघडायचं नाही — आत्ता मुंबईला निघा!" स्वतःची जीप दिली त्यांनी.

१३ जानेवारी
मुंबईला हॉस्पिटलात मैथिलीपाशी तिची आई, निशिगंधा. थोरल्या अनुपमासाठी मी पोलादपूरला परत. संध्याकाळी रामजीच्या एसटीडी बूथवर निशिगंधाचा फोन — कुठेच अडथळा नाही! कसल्याशा विषाणूने आतड्याच्या नसांना इजा केलीय, म्हणून आतडं हलतच नाही. ऑपरेशन नको. विषाणूवरचं औषध शिरेतून, जेवणही शिरेतूनच.
महाडला घाई झाली असती तर? उगाच पोट फाडलं असतं!

१९ जानेवारी
अनुपमा ताटावरून उठली. "मैथू उपाशी, मग मी कशी जेवू?" दूध घालायला आलेली बायजा दारातच बसली. "खा गो बाय. तू उपाशी ऱ्हाऊन तिचं प्वाट भरनार हाय का?" स्वतःच्या हाताने भाकरी भरवली. थोरलीने खाल्ली.

२४ जानेवारी
फरक नाही.

६ फेब्रुवारी
शी झाली!! मी बूथवर ओरडलोच. बाहेरची रांग बघत राहिली. रामजीने आत येऊन मिठी मारली. शाळामास्तर असा सगळ्यांदेखत रडला!

२ मार्च
दोन चमचे पेज पचली. डॉक्टर म्हणतात, नसा पूर्ण सुधारतीलच असं नाही, कायम बेतानेच खावं लागेल. चालेल. काहीही चालेल.

२० मार्च
मैथिली घरी! महाडला चवदार तळ्याकडे जाणारी गर्दी, गाडी तासभर हलेना. ही खिडकीला नाक लावून झेंडे मोजत होती.

२२ मार्च
बायजा सकाळी मैथिलीला पेज भरवत होती. म्हटलं, "बायजा, तुझे उपकार कसे फेडू?" तिने मान वर केली नाही. "माझ्या गणूचं प्वाट असंच फुगल्यालं, गुरुजी. झोळीत घालून डोंगर उतरलो... सडकेपत्तुर नाय पोचलो."
सहा वर्षं रोज दारात येते. मी कधी विचारलं नव्हतं.