चिवड्याच्या डब्यातला पंप

एडमंटन, रविवार, संध्याकाळ

आज फोनवर दादाशी परत वाजलं. तो टेक्सासला, आणि विषय तोच, तिथला हेल्थ इन्शुरन्स. दादाचा पक्ष म्हणतो, सरकारने त्यात नाक खुपसू नये. वहिनी दुसऱ्या पक्षाची. ती मागून ओरडत होती, "अहो, ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं?" मग दादा माझ्यावर घसरला. "तुमच्या कॅनडात फुकट ना? मग तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षभर का अडलंय?" झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

उत्तर जिभेवर होतं. त्याच्या दम्याचा पंप त्याच्या इन्शुरन्समध्ये बसत नाही. दर वर्षी पुण्याहून मीच आणते आणि चिवड्याच्या डब्यात लपवून त्याला नेऊन देते. वहिनीला वाटतं, इन्शुरन्समधूनच मिळतो. एक वाक्य बोलले असते तर आज जिंकले असते.

का नाही बोलले? एवढी भांडखोर मी!

बोलता बोलता त्याला धाप लागली. फोनमधून पंपाचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. चिवड्याच्या डब्यातलाच तो. त्याचा श्वास नीट होईपर्यंत मी थांबले आणि म्हटलं, "हं, आता बोल. काय वाईट आहे आमच्या कॅनडात?"