कोरी बरणी

सानोक, झावळ्यांच्या रविवारची दुपार

प्रिय गेनियाताईस,

धाकट्या ब्रोन्काचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आम्ही सगळे सुखरूप आहोत. म्हणजे माणसं सुखरूप आहेत.

कालिनाचा इंग्रज आला आहे. नाव कॉलिन. उंच आहे, नम्र आहे, आणि सगळ्यांची क्षमा मागतो (पाय लागला तर खुर्चीचीसुद्धा). लग्नाआधी त्याला आपलं पोलिश स्वयंपाकघर कळावं म्हणून कालिनाने प्रत्येक डब्यावर इंग्रजी चिठ्ठी चिकटवली. पिएरोगी म्हणजे डम्पलिंग. बटाट्याची कोपित्का? डम्पलिंग. पिझी, क्नेडले, नाताळच्या सूपातले, बर्फात राखलेले उश्का, सगळे डम्पलिंग. मी म्हटलं, "अगं, हे म्हणजे आत्या, मावशी, आजी सगळ्यांना नुसतं 'बाई' म्हणण्यासारखं झालं." "आई, त्यांच्याकडे एवढंच आहे," ती म्हणाली. अर्धं जग ताब्यात घेतलं त्या लोकांनी. शब्दांना वेळ मिळाला नसेल.

आंबट कोबी, मिठाच्या पाण्यातल्या काकड्या, चक्का, सगळ्यांना नाव मिळालं. राहिलं फक्त झुरेकचं, आपल्या ईस्टरच्या आंबट सूपाचं, विरजण. आपल्या आईचं, राय धान्याच्या पिठाचं, दर खेपेला तळाशी थोडं राखून वाढवलेलं. कालिनाला त्याला साजेसा इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून तिने ती बरणी कोरी ठेवली.

शुक्रवारी आम्ही चर्चला गेलो. कॉलिनने मदत म्हणून स्वयंपाकघर आवरलं. कोरी बरणी उघडली, वास घेतला आणि मोरीत ओतली. आम्हाला लाज वाटू नये म्हणून बोललाही नाही (किती हे संस्कार!). बरणी साबणाने घासून उन्हात पालथी घातली. मी शोधाशोध करू लागले तेव्हा कालिनामार्फत म्हणाला, "काहीतरी नासलं होतं, काकू. आता काळजी नको."

आमचे जेनेक म्हणाले, "दुकानात बाटलीत मिळतं की. कोणाला कळतंय?" तेव्हापासून ते स्वतःचं स्वतः वाढून घेतात.

कोणाला कळतंय ते तुला ठाऊक आहे. येत्या रविवारी, ईस्टरला, हिपोलितमामा येणार. दरवर्षी पहिला घोट घेऊन ते डोळे मिटतात आणि म्हणतात, "आमच्या अपोलोनियाच्या हातचं." आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या एका घोटापुरती त्यांची बहीण टेबलाशी बसलेली असते. यंदा त्यांनी डोळे उघडेच ठेवले तर मी कुठे बघू? कालिना रडते आहे. कॉलिन क्षमा मागतो आहे. आता तर बरणीचीसुद्धा.

बाकी सर्व ठीक. हवा छान आहे.

तुझी,
ब्रोन्का

ता. क. तुझ्या लग्नात आईने त्याच बरणीतलं अर्धं तुला दिलं होतं. तुमच्या गावचं, वॉम्झाचं पाणी त्याला मानवलं नाही, हे माझं मत तू चार ठिकाणांहून ऐकलं असशीलच. मत तेच आहे. तरी वाटीभर पाठव.

ता. क. (आणखी एक) न्यायला कॉलिन स्वतः येतो आहे, बुधवारच्या बसने. त्याला पोटभर जेवू घाल. बोलायचं ते मला बोल, त्याला नको; पोरगा आधीच अर्धा झाला आहे. फक्त बरणी त्याच्या हाती देण्याआधी तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिही. चिठ्ठी असली की तो हात लावत नाही. डम्पलिंग लिहिलंस तरी चालेल.