किरकोळ हायड्रोजन

प्रिय वसंता,

तुला जाऊन सहा महिने होतील. पत्र आजच लिहिते आहे, कारण आज कुसुमची रसायनाची सहामाही होती. "या खेपेला नापास झालीस तर सायन्स सोडून गृहशास्त्र घ्यायचं," असं ह्यांनी लेकीला आधीच बजावलं होतं.

सांगलीच्या शाळेतून रजा काढून तू कोरेगावला आमच्याकडे हवापालटाला आलास आणि आजारी अंगानं भाचीला सोडून मलाच शिकवू लागलास. मॅट्रिकला मी संस्कृतवाली. आम्ल आणि अल्क एकत्र आले की क्षार आणि पाणी होतं, एवढं तरी मला कुठं ठाऊक होतं? कागद वाया नको म्हणून पाटी घेतली.

गंधकाम्लात कॉस्टिक सोडा घातला. डावीकडचा एक हायड्रोजन उरला. घरचा हिशेब जुळेना की करते तेच केलं. उजवीकडे 'किरकोळ' लिहून मोकळी झाले. हसता हसता तुला खोकल्याची उबळ आली.

"अक्का, हे भाऊजींना दाखवायचं खातं नव्हे. इथं किरकोळ चालत नाही. उजवीकडे सोडियम दोन, डावीकडे एक. दुसरा काय नवसानं झाला?"

"मग काय करू?"

"कॉस्टिक सोडा दोन घे. पाणीही दोन होईल. आता मोज."

"कुसुमलाच शिकव ना," म्हटलं, तर म्हणालास, "तुला आलं की तिला येईल." यातून आपण उठत नाही, हे तुला कळून चुकलं होतं ना रे? मग मला का बोलला नाहीस? देवाजवळ मी वेगळं काही मागितलं नसतं. पण तुला तसं उठवून बसवलं नसतं, निजू दिलं असतं.

फॉस्फरिक आम्लाचं समीकरण शिकवायचं राहूनच गेलं. आज नेमकं तेच आलं. दप्तर खाली न ठेवताच कुसुम म्हणाली, "आई, सोडा तीन घेतला, पाणी तीन लिहिलं. बरोबर आहे?"

मला माहीत नव्हतं. देवापुढं दिवा लावला आणि तिथंच पाटी घेऊन बसले. सोडियम तीनास तीन. हायड्रोजन सहास सहा. ऑक्सिजन सातास सात.

चपला काढता काढता ह्यांनी विचारलं, "मग, गृहशास्त्रच ना?"

"सायन्स," मी म्हटलं. "मी तपासलंय."

ते पाय धुवायला गेले.

वसंता, कुसुमचं सायन्स मी सुटू देणार नाही. पुढचा धडा तिच्याआधी मी वाचीन. अडलं तर तिच्या मास्तरांच्या दारी जाऊन विचारीन, लाजणार नाही.

तुझी,
अक्का