स्टेलिओस पानं गाळतो

कूबर पीडी,
मंगळवार

ती. नेवेंकाताईस,

फ्रांयोचा नमस्कार. तुझा गुडघा आणि ॲडलेडची थंडी यांचं अजून जमलेलं नसणार, असं धरून चालतो. इथे जमिनीखालच्या घरात सगळं ठीक आहे. वर ऊन किती आहे ते वर गेल्याशिवाय कळत नाही, आणि मी जात नाही.

वाढदिवसाला पुस्तकं वाचायचं यंत्र पाठवते, कुठलं हवं ते कळव, असं तू लिहिलंस. डोळ्यांच्या मधोमध बसलेलं धुकं आता हलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. छापलेली ओळ कडेकडेने दिसते, मधला शब्द गायब. तेव्हापासून शेजारचा स्टेलिओस रोज संध्याकाळी ऑलिव्हची बरणी घेऊन येतो आणि मला वाचून दाखवतो. (ऑलिव्ह तोच खातो.) सध्या दीपगृहाच्या एका रखवालदाराची कादंबरी चालू आहे. तर ताई, माझी खात्री झाली आहे की हा माणूस पानं गाळतो. एक पान उलटायचं तिथे तीन-चार उलटल्याचा आवाज येतो, मग तो खाकरतो, छताकडे बघतो आणि रखवालदाराची बायको पुन्हा सूप करायला लागते. प्रत्येक प्रकरणात सूप. मी त्याला तोंडावर विचारलं. म्हणाला, "म्हाताऱ्या, गाळली असतील तर लेखकाने गाळली असतील. त्याला जाऊन विचार." इतकी वर्षं आम्ही ओपलचे खडे शोधत शेजारी शेजारी खणलं. कुठल्या थरात काय लागलं ते त्याने मला कधी सांगितलं नाही, मी त्याला नाही, म्हणून तर मैत्री टिकली. पण कादंबरी म्हणजे ओपल नव्हे. तिच्यात जे सापडेल ते समोरच्याला सांगायलाच हवं. मला स्वतः वाचून त्याला पकडायचंय.

ग्रंथालयातल्या ब्राँविनबाईंनी तीन यंत्रं वापरून बघायला दिली. पहिलं चकचकीत काचेचं. त्यात मला बल्ब दिसला आणि बल्बखाली मी दिसलो, पुस्तक दिसलं नाही. दुसरं अगदी कागदासारखं, भर उन्हातसुद्धा वाचता येतं म्हणे, पण त्याला स्वतःचा उजेड नाही. (बिळात राहणाऱ्या माणसाला ऊन दाखवण्यात काय अर्थ?) तिसऱ्याला उजेड आहे आणि अक्षरं इतकी मोठी होतात की एका ओळीत चारच शब्द मावतात. ते मला आवडलं, त्यामुळे संशय वाढला. चालू केल्याबरोबर त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात? आता आमच्या खाणींच्या गावात कोणी हे विचारलं की माणूस दुसऱ्याच दिशेला बोट दाखवतो. तो उद्धटपणा नाही, रीत आहे. मी सेडूना सांगितलं, समुद्रकाठचं. नाव डोरिस. जन्मतारीख सुचली ती. झालं, सेडूनाच्या डोरिसला आमचं ग्रंथालय पुस्तक देईना. उलट यंत्र तिला बाळाच्या संगोपनावरची पुस्तकं सुचवायला लागलं. पासवर्ड विसरलो, तर म्हणे तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव सांगा. डोरिसच्या कुत्र्याचा मी विचारच केला नव्हता.

ब्राँविनबाई म्हणाल्या, "फ्रांयो, त्याला तुमची खाण नकोय. तुम्ही कोण एवढंच हवंय." मी म्हटलं, सगळे अशीच सुरुवात करतात.

शेवटी त्यांनी पुसून सगळं खरं भरलं. आता मी कुठल्या पानावर थांबलो ते यंत्राच्या लक्षात राहतं, हे मला पसंत नाही. शिवाय काही ओळींखाली रेघा आहेत. मी मारलेल्या नाहीत. अनेक वाचकांना ही ओळ आवडली, असं लिहून येतं. हे वाचक कोण, आणि माझ्या बिळात उतरले कधी?

तरीही तिसरंच घे. रखवालदाराची कादंबरी त्यात आली आहे. उद्या वाचायला बसतो, मग स्टेलिओसला समोर बसवून जाब विचारतो.

तुझा भाऊ,
फ्रांयो

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, बरं झालं. कादंबरी वाचून झाली. स्टेलिओसने पानं गाळली आहेत, ढीगभर. रखवालदाराची बायको सुरुवातीलाच मरते. तिचा आजार आहे, दवाखाना आहे, खुंटीवर राहिलेला तिचा कोट आहे. सूप पुस्तकात कुठेच नाही. (तुझी भावजय, माझी ल्युबा, गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. तू आली होतीसच.) आज तो नेहमीसारखा आला आणि शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात रखवालदाराची बायको अजून दारात उभी होती. मी विचारलं, "सूप कसलं होतं?" त्याने बराच वेळ पुस्तकात बघितलं. "मसुरीचं," म्हणाला.

आ. ता. क. यंत्र पाठवू नकोस. ब्राँविनबाईंना तिन्ही परत दिली. स्टेलिओसचा फोन आला तर सांग, फ्रांयोला एकही जमलं नाही. त्याऐवजी छापील पुस्तक पाठव, जाडजूड, बारीक अक्षरांचं. आत कोण मरतं ते चाळून बघत बसू नकोस. ते स्टेलिओस बघून घेईल.