वहिनीच्या मसाल्याची मेल

१७ मार्च, सोमवार
पुन्हा स्पॅम! वहिनीच्या मसाल्याची मेल मी स्वतः लिहिली, मिरच्यांचा झकास फोटो लावला, आणि मेलबाई लॉटरीवाल्यांच्या मेलशेजारी जाऊन बसल्या. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या मेल स्पॅममधून वाचवते, पगार त्याचाच घेते — आणि घरचीच बुडाली.

वनमालावहिनीने कॅन्टीनची नोकरी सोडून घाटकोपरला गाळा घेतलाय. एप्रिल-मेमध्ये लोक वर्षाचा मसाला करून ठेवतात. तेव्हा मेल पोचली नाही तर तिचं वर्ष गेलं.

१९ मार्च
कारण कळलं. वहिनीने मला न सांगता मेल पाठवायच्या पत्त्यांत गावच्या मंडळाची अख्खी यादी घातली होती, पूजेचं आमंत्रण जातं ती. विचारलंस कोणाला? तर म्हणे, "आपल्या माणसांना काय विचारायचं गो?"

आपल्याच माणसांनी स्पॅमचं बटण दाबलंय. तोंडावर 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही ना! आता ज्यांनी स्वतःहून मसाला मागितला त्यांच्याकडेही आमची मेल थेट स्पॅममध्ये. पुरती वाट लागली.

२२ मार्च
भांडण झालं. मी म्हटलं, जे मेल उघडत नाहीत त्यांची नावं काढायची, बाकी उपाय नाही. वहिनी ऐकेना. "जयवंतकाकांचं नाव काढू? गावात तोंड दाखवायचंय मला." तिच्या लेखी यादी म्हणजे लग्नपत्रिका. नाव गळलं की मान गेला. मी चिडून म्हटलं, कॉम्प्युटरला मानपान कळत नाही यार! ती मिरच्यांचे देठ खुडत बसली.

जेवताना दादाने हळूच सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेत वहिनीच्या थोरल्या बहिणीचं, सुगंधाताईचं नाव राहून गेलं होतं. ताई लग्नाला आली नाही. राहते इथेच, जोगेश्वरीला, पण तेव्हापासून बोलणं बंद. मंडळाच्या यादीत तिचंही नाव आहे. मेल कोणी उघडली ते कॉम्प्युटरवर दिसतं, आणि वहिनी रोज तिथे ताईचंच नाव शोधते.

मला फार वाईट वाटलं. ओरडायला नको होतं.

२३ मार्च
ताईने एकही मेल उघडलेली नाही. पण न उघडलेली की न पोचलेली? हे मला ऑफिसात कधी सुचलं नव्हतं. तिथे आम्ही सरळ नाव उडवतो.

२५ मार्च
तोडगा निघाला. सगळ्यांना एक शेवटची मेल, मसाल्याबद्दल अवाक्षर नाही. फक्त विचारायचं — पाठवत जाऊ का? जो गप्प राहील त्याला पुन्हा त्रास नाही. वहिनी कशीबशी तयार झाली. आधी मसाला मागणाऱ्यांना, मग थोड्या थोड्या लोकांना सोडायची, म्हणजे स्पॅम ठरवणाऱ्या मेल कंपन्यांकडे गेलेली आमची पत हळूहळू सुधारते.

मजकूर तिनेच लिहिला. 'तुम्हाला न विचारता गृहीत धरलं, चुकलं माझं.' मी म्हटलं, धंद्यात एवढं कोणी वाकत नाही. "असू दे," म्हणाली.

२ एप्रिल
इनबॉक्स! शेवटी! ऑर्डरीही सुरू झाल्या. जयवंतकाकांनी 'मसाला नको' कळवलं, वर खुशाली विचारली. वहिनीला हसूच आलं. "बघ, नको म्हणाले तरी रागावले नाहीत."

पण ऑर्डरी मीच मोजतेय. ती फक्त उत्तर देणाऱ्यांची नावं बघते, आणि त्यात ताईचं नाही. उद्या गप्प राहिलेल्यांना काढायचं ठरलंय, आणि याची तिला आठवण करून देणं माझ्या जिवावर आलंय.

३ एप्रिल
सुगंधाताईचं उत्तर आलं. "मेल नको. घरी येऊन विचार." वहिनीने दोनदा वाचलं, समोर गिऱ्हाईक उभं असताना पायात चपला घातल्या आणि निघाली.