लाल राहिलेली पट्टी

माघ वद्य षष्ठी, सन १९०९. कोरीट, शेतातली झोपडी, दिवेलागण.

पट्टी अजून लालच आहे. लिहिताना समोर ठेवली आहे, सारखी नजर तिच्यावरच जाते.

प्लेगमुळे गाव सोडून महिना झाला. आज घरोघर गंधकाची धुरी देणार म्हणून सकाळी गुपचूप आमच्या माजघरात ओली कागदी पट्टी टांगून आलो. हळदीत बुडवून वर चुना लावलेली, म्हणून लाल. गंधकाचा धूर आंबट. तो चुन्याला मारतो आणि हळद पुन्हा पिवळी होते. शाळेत दरवर्षी हे करून दाखवतो.

दुपारी धुरीवाला म्हणाला, "मास्तर, घरभर धुरी दिन्ही. आते खुशाल ऱ्हावाले या." गंधकाचा वास होता खरा, पण उंबऱ्यातच. माजघरात नाही. आणि पट्टी लाल.

की माझीच हळद खराब? म्हणून उरलेली पट्टी इथे चिमूटभर जळत्या गंधकावर धरली. मी खोकून बेजार झालो, पण पट्टी पिवळी झाली. मग त्याने आमच्या वाटचा गंधक नेला कुठे? आणि इतरांच्या वाटचा?

ही चिडलेली. "सारी गल्ली घर गई, आपणच काबर रानमा बठनूत?" मी लाल पट्टी दाखवली. तशी ती बांधलेलं गाठोडं सोडायला लागली.

गावात सांगायलाच हवं. वहाणा घालून बाहेर आलो आणि गावाकडे पाहिलं. आमच्या गल्लीत आता घराघरातून धूर निघतो आहे. चुलीचा.